वरवरचं ग्रीस

आजीने आत झोपायची सोय असलेल्या जुन्या घरगाडीचं पुढचं चाक उतरवलं आणि बेअरिंग बाहेर ओढताच जळका, कुजकट वास आला. वर नवं ग्रीस लोण्यासारखं थापलेलं, खाली गंजून फुटलेले छर्रे. तिला ही गाडी विकताना तिचा धाकटा भाऊ शपथेवर म्हणाला होता, “ताई, बेअरिंगं नवीकोरी टाकलीत.” त्या भरवशावर काल ती नातवंडांना आतल्या पलंगावर बसवून घाट उतरली होती. “ही वरवरची मलमपट्टी कुणासाठी रे?” तिने विचारलं. शेजारी उभा भाऊ हसला. “टिकली ना घाटभर? उगाच राईचा पर्वत करतेस.” म्हणजे याला ठाऊक होतं. काल पोरांनी बोलावूनही हा “आत गुदमरतं” म्हणत मोटारसायकलवरून आला होता. नवं बेअरिंग बसवून ती म्हणाली, “पान्हा दे.” स्वतःचे हात कोपरापर्यंत काळे, तरी त्याच्या स्वच्छ हातातून आलेला पान्हा तिने फडक्याने पुसूनच वापरला.