बाल्कनीतला वन्समोअर

मिरजेच्या थिएटरात कुमुदबाईंचा पहिला बोलपट लागला, तेव्हा बाल्कनीत त्यांच्या शेजारी मी बसलो होतो. नाटक कंपनीत बारा वर्षं त्यांच्या गाण्याला मी पेटीची साथ केलेली. त्या दिवशी बाई हिरमुसल्या होत्या. "तुमचा आवाज माइकला जड पडतो," असं म्हणत निर्मात्याने सिनेमातली त्यांची गाणी दुसऱ्याच बाईकडून गाऊन घेतली होती.

पडद्यावर बाई विहिरीपाशी नायकाची वाट बघत गायल्या. गाणं संपलं आणि नाटकाला सरावलेल्या लोकांनी खालून आरोळी ठोकली, "वन्समोअर!"

बाई ताडकन उभ्या राहिल्या.

मी हळूच म्हणालो, "बाई, हा सिनेमा आहे. बसा खाली."

"लोकांनी मागितलंय, मास्तर. सूर द्या."

पेटी कुठली असायला तिथे? मी तोंडानेच सूर धरला आणि बाईंनी तेच गाणं स्वतःच्या आवाजात सुरू केलं. ऑपरेटरने मशीन थांबवलं, दिवे लागले. सगळं थिएटर माना वळवून वर बघत राहिलं. निर्माता तावातावाने जिना चढून आला आणि ऐकता ऐकता शेवटच्या पायरीवरच बसला.

बाई तीनदा गायल्या. मग पदराने घाम टिपत मागे ऑपरेटरकडे वळल्या.

"सोडा आता नायकाला. बराच वेळ ताटकळलाय बिचारा."