काटेकोरपणाचा ठिपका

"हा काटेकोरपणाचा ठिपका यंत्राने पुसला, की जेवणाशी चाललेलं तुझं भांडण संपेल," पडद्यावरच्या, कवटीसकट दिसणाऱ्या मेंदूच्या नकाशावर बोट ठेवून डॉ. सबनीस म्हणाले.

वर्षभर अन्नाला घाबरणारी सोळा वर्षांची ऋजुता नकाशा निरखत राहिली.

"डॉक्टर, हा माझा नाही. माझ्या डाव्या भुवईवरच्या हाडाला खाच आहे. इथे दिसत नाही."

सबनीसांनी नोंद ताडून पाहिली आणि ते पांढरेफटक पडले. नकाशा शेजारच्या खाटेवरच्या मुलीचा होता.

"ही चूक माझ्या काटेकोरपणानेच पकडली. म्हणजे माझा ठिपका कामाचा आहे," ऋजुता ठामपणे म्हणाली. "तो राहू द्या. जेवायचं मी शिकेन."

शेजारी बसलेल्या तिच्या बाबांनी जेवणाचा डबा उघडला. तिने पोळी निरखली.

"वाकडीच झालीय, बाबा," ती म्हणाली, आणि तिने तुकडा मोडून तोंडात घातला.