नेग्रिलच्या किनाऱ्यावरचा फोटो

चार कुटुंबांनी मिळून जमैकाला जायचं ठरवलं होतं. तिकिटंही काढून झाली होती, आणि तेवढ्यात दिगंबररावांची बायको सुनंदा वारली. बाकीची तिन्ही कुटुंबं जाऊन आली. टेक्सासमधल्या प्लेनोला घरी परतल्यावर शैलावहिनींनी सगळ्यांना पॉटलकला, म्हणजे एकेक पदार्थ घेऊन जेवायला, बोलावलं. "भावजी, घरात एकटे बसून काय करणार? या, तेवढंच मन रमेल."

जेवणं झाल्यावर वहिनींच्या नवऱ्यानं टीव्हीवर फोटो लावले. मॉन्टेगो बे झालं, ओचो रिओसचा धबधबा झाला. "टॉपचा एकही स्पॉट सोडला नाही हं आम्ही!" कुणी खिदळत होतं, कुणी पुन्हा पुलाव वाढून घेत होतं. दिगंबररावांना किळस आली. ते उठणार, तोच नेग्रिलचा किनारा आला. वाळूत शैलावहिनी उभ्या होत्या, निळ्या फुलाफुलांच्या, पांढऱ्या बाह्यांच्या ड्रेसमध्ये.

तो ड्रेस सुनंदानं या ट्रिपसाठीच घेतला होता. बिनबाह्यांचा घालायची लाज वाटली, म्हणून तिनं त्याला स्वतः पांढऱ्या बाह्या शिवल्या होत्या. ती गेल्यावर तिचे कपडे "डोनेट करते" म्हणून शैलावहिनीच घेऊन गेल्या होत्या.

"अहो, पुढचा लावा ना!" वहिनी घाईघाईनं नवऱ्याला म्हणाल्या.

"राहू दे तो," दिगंबरराव म्हणाले.

"भावजी, मी तुम्हाला सांगणारच होते..."



"याची एक कॉपी मला द्या, वहिनी. तुमचा चेहरा तेवढा कापून."