खिडकीतला माणूस

"पुढचा! बोला!" रेमो खिडकीतून ओरडला, आणि पुढे आला तो त्याचा बापच.

अटिलियो म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. वाढदिवस म्हणून लॉरेटाने, रेमोच्या बहिणीने, त्याला वृद्धाश्रमातून चीजस्टेक, मांस आणि चीज भरलेला पाव, खायला आणलं होतं. रांगेत मी एकटाच उभा राहणार, असा हट्ट धरून त्याने तिला बाजूला पिटाळलं होतं. दक्षिण फिलाडेल्फियाच्या कोपऱ्यावरच्या त्यांच्या या दुकानात नियम एकच. चीज कोणतं आणि कांदा हवा की नको, हे एका दमात सांगायचं. अडखळलात तर रांगेच्या शेवटी. नियम म्हाताऱ्यानेच केलेला. आयुष्यभर या खिडकीत बसून त्याने भल्याभल्यांना मागे हाकललं होतं.

"ते... पावातलं," म्हातारा म्हणाला. "गरम असतं बघा. मांस."

रांगेत हशा पिकला. "आजोबा, इथे सगळं पावातलंच मिळतं!" मागून कोणीतरी ओरडलं.

बापाला काय लागतं ते रेमोला पाठ होतं. प्रोव्होलोन चीज, आणि कांदा पार काळा होईस्तोवर परतलेला. तो कांदा चिरण्यातच रेमोची उमेदीची वर्षं गेली होती. विशीत असताना बापाने त्याला एकदाच खिडकीत बसवलं. एक बाई गोंधळली, रडकुंडीला आली, आणि रेमोने तिला सांभाळून घेतलं. बापाने सगळ्या रांगेदेखत त्याला बखोट धरून उठवलं. "हा लोण्याचा गोळा खिडकीत नको. जा, कांदे चीर!" तेव्हापासून बाप कधीतरी आपल्याला बरं म्हणेल, म्हणून रेमो झुरत होता. बापाला काही आठवेनासं झालं तेव्हा कुठे खिडकी त्याच्याकडे आली. बरं म्हणायचं तेवढं राहून गेलं.

लॉरेटा बाजूने खुणावत होती, दे रे, देऊन टाक.

"म्हातारबा," रेमो म्हणाला, "रांग अडवू नका. मागे व्हा. शेवटी जाऊन उभे राहा."

हसणारे एकमेकांकडे बघू लागले. त्यातली जुनी गिऱ्हाइकं म्हाताऱ्याला ओळखत होती.

"लाज नाही वाटत तुला?" लॉरेटा किंचाळली. "पप्पा आहेत ते!"

"या खिडकीत पप्पा कुणाचेच पप्पा नव्हते. तुला कुठे कांदे चिरावे लागले!"

म्हातारा निमूट वळला आणि भिंतीला हात टेकत टेकत मागे गेला. रेमोला फार बरं वाटलं. किती बरं वाटलं ते कळलं, आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. पुढची दोन गिऱ्हाइकं त्याने कशीबशी काढली. मग तव्यावरच्या माणसाला सरकवून स्वतः मांस टाकलं, कांदा काळा केला, वर प्रोव्होलोन वितळू दिलं. पाव कागदात गुंडाळला आणि तो रांगेच्या टोकाला गेला.

"पप्पा, घ्या."

म्हाताऱ्याने चावा घेतला. हनुवटीवरून तेल ओघळलं. चावता चावता त्याचा चेहरा उजळत गेला.

"हेच," तो म्हणाला. "कांदा असाच पाहिजे." त्याने रेमोला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू मघाचा खिडकीतला ना?"

"हो," रेमो म्हणाला. "चुकलं माझं, पप्पा."

"चुकलं? अरे शाब्बास! खिडकीत बसावं तर असं. कुणाचा मुलाहिजा ठेवला नाहीस." म्हाताऱ्याने तेलकट हाताने त्याचा गाल थोपटला. मग त्याला जवळ ओढून हळूच म्हणाला, "माझं एक काम कर. माझा एक पोरगा आहे, रेमो. अगदीच मेंगळट. उद्या तुझ्याकडे आणून सोडतो. हवा तेवढा बडव, पण त्याला तुझ्यासारखा कर."