धड वेगळं, डोकं वेगळं

"अजित, पुन्हा तू बाहुल्यांना डोकी लावलीस?"

सकाळचा चहा अजून घशाखाली उतरला नव्हता. अजितने कपाळाला हात लावला. "मी कशाला लावू? मला दुसरे उद्योग नाहीत का?"

चिनी सावल्यांच्या खेळातल्या या चामड्याच्या बाहुल्या त्याच्या वडिलांच्या, नानांच्या. चीनला जाऊन ते हा खेळ शिकून आले होते आणि लालबाग-परळच्या हॉलमधून पुष्कळ वर्षं करत होते. मग झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. बोटं आत्ता हलली तर हलली, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि नाना व्यायामाचा रबरी चेंडू भिरकावून देत होते. अजितचा जीव टांगणीला लागला होता.

त्यात त्याच्या बायकोचं, मधुराचं, हे नवं खूळ. चीनमध्ये म्हणे खेळ संपला की बाहुल्यांची डोकी काढून वेगळी ठेवतात, नाहीतर त्या जिवंत होतात. नानांनी हे कधीच पाळलं नव्हतं. मुंडकी उडवलेली माणसं घरात अभद्र दिसतात, म्हणून ते चिडायचे. ही मात्र रोज संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत डोकी काढायची, पेटी त्यांच्याच खुर्चीशेजारी उघडी ठेवायची आणि सकाळी अजितवर डाफरायची.

"आजारी माणसाला किती छळशील गं?"

"रीत ती रीत."

"मग लावतंय कोण? नाना तर नाहीतच. एका हाताने धडाची गळपट्टी उघडी धरायची, दुसऱ्याने डोक्याची मान आत सरकवायची. त्यांना जमेल का ते?"

"म्हणूनच तुझं नाव घेतेय," मधुरा म्हणाली.

अजित पार वैतागला. काय तो छडा लावायचाच म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडायला उठला, बाहेरच्या खोलीत डोकावला आणि दारातच थबकला.

नाना पुटपुटत शिव्या घालत होते. डाव्या हातात राजाचं धड होतं. उजव्या हाताच्या थरथरत्या चिमटीत राजाचं डोकं. एकदा निसटलं, मग बसलं.

अजितचे डोळे भरून आले. तो स्वयंपाकघरात धावला. मधुरा पाणी भरत होती.

"मधुरा, नानांची बोटं हलतायत. अगं, डोकी तेच लावतात."

"हळू बोल, ऐकतील," ती नळ बंद करत म्हणाली. "डोकी आता जमायला लागलीत त्यांना. आजपासून बाहुल्यांच्या हातांच्या गाठीही सोडून ठेवते."