काजळ्याचे आभार

"तलवारीला हात लावू नकोस हं. मी आले की बघते," असं उंबऱ्यातूनच बजावून धारवाली पुलापलीकडे कामाला गेली, आणि काजळ्या तिच्या दुकानात एकटाच उरला.

धारवाल्यांना दोन्ही काठांवर मोकळीक होती. भांडणं काय, चालूच असतात. म्हणून कात्र्या-सुऱ्या बोथट व्हायच्या थोड्याच थांबतात! आज दुपारीही पुलावर लढाई होती. दर हंगामात दोन्ही काठांचा एकेक वीर तोंडावर लोखंडी मुखवटा चढवून लढायचा आणि जो पडेल त्याची बाजू हरायची. दोघांवरच भागायचं, म्हणून बाकीच्यांची घरं शाबूत होती.

या काठाचा वीर म्हणजे काजळ्या. थोराड, अबोल, आणि दोन्ही हात नखांपासून खांद्यापर्यंत काळेठिक्कर. ते काही जन्माचे तसे नव्हते. त्याच्या तलवारीला शाप होता. ती ज्याचा जीव घेईल त्याचा अंधार मारणाऱ्याच्या अंगावर चढायचा, बोटं, मनगट, कोपर असं करत. काळजापर्यंत पोचला की माणूस संपला. उरायची ती नुसती सावली. तिला ना नाव, ना आठवण. तलवार टाकून देण्याची सोय नव्हती. नदीत फेकली तरी सकाळी उशाशी हजर.

अंधार खांद्याला भिडला होता तेव्हा तो पहिल्यांदा या दुकानात आला. त्याला बघून लोक रस्ता बदलायचे. हिनं मात्र त्याचा हातमोजा ओढून काढला, हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "अगं बाई! जेवणार आहात ना? मग आधी हे धुऊन या."

काजळ्या कितीतरी वर्षांनी हसला. मग खरंच जाऊन हात धुऊन आला.

तेव्हापासून एक नवल घडत होतं. काजळ्या दर हंगामात लढत होता, समोरचा दर वेळी एका घावात आडवा होत होता, पलीकडची माणसं त्याला झोळीत घालून नेत होती. पण अंधार काही तसूभरही पुढे सरकला नव्हता. तलवारसुद्धा निर्मळ परत यायची.

"तुझ्या हाताला काहीतरी आहे," तो तिला म्हणायचा. "शापसुद्धा तुझं ऐकतो."

"भेगा आहेत हाताला, दुसरं काय?" ती हसून विषय बदलायची. "ते राहू दे. आपल्या लग्नात माझ्या धाकट्या भावाशी जरा मायेनं वाग. पलीकडे असतो तो. उंडगा आहे, पण आईच्या माघारी मीच वाढवलाय त्याला."

शेजारच्या पाववाल्या मावशी मात्र दोघांना बघून हात ओवाळायच्या. "गोगलगाय आणि पोटात पाय! कधी वर मान करून बोलली नाही, आणि गटवलं कुणाला, तर या राक्षसाला!"

"मावशी, राक्षसाचं नशीब म्हणा," काजळ्या म्हणायचा, आणि अगदी मनापासून म्हणायचा.

आजची लढाई निभावली की त्याची पाळी संपत होती. पुढच्या हंगामात दुसरा वीर, आणि याचं लग्न. एवढी एक दुपार अंधार जागच्या जागी राहिला की झालं.

एरवी धारवाली तलवार तेलाच्या फडक्यात गुंडाळून ऐन वेळी त्याच्या हाती द्यायची आणि तो फडकं सोडायचा ते थेट पुलावर. आज फडकं समोरच पडलं होतं. त्यानं ते सोडलं आणि पात्यावरून अंगठा फिरवला. पार बोथट! काकडी कापायची मारामार.

"बिचारी," तो पुटपुटला. जगाच्या कात्र्यांना धार लावता लावता हिला घरची तलवार बघायला फुरसत झाली नाही. आता दमूनभागून येणार आणि त्या फुटलेल्या हातांनी पुन्हा चाकाशी बसणार. तिनं आपला जीव राखला, आपण एक दिवस तिचं काम केलं तर काय बिघडलं?

तो चाकाशी बसला. पायानं चाक फिरवत, वर पाणी सोडत, त्यानं पातं असं पाजळलं की केस टाकला तर दुभंगावा. दाखवीन तेव्हा काय म्हणेल, याच विचारात तो स्वतःशी हसत होता.

पण ती यायच्या आत शिंग वाजलं.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला गर्दीत त्याला ती दिसली. त्यानं मुखवट्याआडून हसून तलवार उंच धरली. पातं उन्हात लखलखलं. तिनं ते पाहिलं मात्र, आणि लोकांना ढकलत, हात हलवत, जिवाच्या आकांतानं ओरडत ती पुढे धावली. गलक्यात शब्द काही कळेनात. काजळ्याला भरून आलं. चारचौघांत मान वर न करणारी बाई आज आपल्यासाठी ओरडत होती!

समोरचा वीर आला, लढला, आणि थोड्या वेळानं त्यानं ढाल खाली घेतली. काजळ्यानं नेहमीसारखा एकच घाव घातला.

या वेळी तलवार अडली नाही. समोरचा कोसळला. काजळ्याच्या खांद्यांवरून एक गारठा छातीकडे उतरू लागला. तो तसाच खाली बसला आणि पडलेल्याला श्वास घेता यावा म्हणून त्यानं त्याचा मुखवटा काढला. आत एक कोवळं तोंड होतं. त्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता.

"भाऊजी," तो म्हणाला, "ताईनं आज तलवार बोथट केली नव्हती का?"