झोपाळ्यावरचे ठिपके

उपग्रहांवरून माणसांचा माग ठेवणाऱ्या केंद्रात शाल्मलीने नवा रिसीव्हर जोडला आणि चाचणीसाठी माहेरचं घर पडद्यावर आणलं. मनगटावरच्या पट्ट्यांमुळे माणूस कुठे आहे ते तिथे दिसे. जुन्या यंत्रावर झोपाळ्यावरचे आई-बाबा म्हणजे कायम एकच ठिपका. आज दोन दिसले, मध्ये चांगलं हातभर अंतर.

तिने फोन लावला. "आई, बाबांशी अबोला धरलायस का गं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"उपग्रहाने."

पलीकडून बाबांचं खाकरणं ऐकू आलं आणि झोपाळ्याची कडी करकरली.

शेजारी बसलेला तंत्रज्ञ तडवी दचकला. "मॅडम, पुन्हा एकच ठिपका! बिघडलं वाटतं."

"नाही रे," शाल्मली म्हणाली, "आत्ताच दुरुस्त झालं."